पाऱ्याचा सेल गेला, कॅमेरा राहिला



वर्ध्याहून नागपूरकडे जाताना वाटेत केळझर लागते. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारले तेही इथेच, असे तिथली माणसे परंपरेने सांगत आली आहेत. गावाच्या टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे आणि विदर्भातल्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. वैशाखातल्या दुपारी त्या टेकडीवर उभे राहून पाहा. ऊन असे की डोळे उघडे ठेववत नाहीत. तिथून एखाद्या जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू समई दिसते, मूर्ती दिसते, पुजाऱ्याचा हात दिसतो. डोळ्यातली बाहुली आपण न सांगता मोठी होते, बाहेर आल्यावर लहान होते. मोजमाप डोळा स्वतःच करतो.

कॅमेऱ्यातल्या फिल्मला मात्र ही अक्कल नाही. तिला किती उजेड द्यायचा ते कोणीतरी सांगावे लागते. कमी दिला तर फोटो काळा पडतो, जास्त दिला तर पांढरा फटक होतो. हे सांगण्याचे काम एके काळी माणसाची नजर करीत असे. पुढे ते एका यंत्राने घेतले आणि त्या यंत्राचा जीव एका लहानशा गोल सेलात ठेवला गेला. तो सेल पाऱ्याचा होता. आज तो बाजारातून गेला आहे. तो का आला, का गेला, आणि त्याच्यावाचून जुन्या कॅमेऱ्याचे काय करायचे, ही आजची गोष्ट आहे.

समजा, केळझरच्याच एखाद्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा कॅमेरा सापडला. चामड्याचे कव्हर, आत जपानी बनावटीचा वजनदार कॅमेरा, भिंग अजून स्वच्छ. नातू तळाचे झाकण नाण्याने फिरवून उघडतो. आत आठ आण्याच्या नाण्यापेक्षा लहान असा एक जाड, काळवंडलेला सेल. तो घेऊन तो वर्ध्याच्या घड्याळाच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "भाऊ, हा नंबर कधीचाच बंद झाला. हा घेऊन पाहा, जवळपास बसतो." तो जवळपासचा सेल बसतो, मीटरचा काटाही हलतो. घरात लग्न असते. नातू हौसेने सगळा रोल काढतो. रोल धुऊन येतो तेव्हा छत्तीसच्या छत्तीस फोटो काळपट. "आजोबा, तुमचा कॅमेरा बिघडला," असे म्हणून कॅमेरा पुन्हा ट्रंकेत जातो, नाहीतर भंगारात.

श्रोतेहो, तो कॅमेरा बिघडलेला नव्हता. चूक होती ती सुमारे दोन दशांश व्होल्टची. पण ती समजायची तर थोडे मागे जायला हवे.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफीची संस्था निघाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नामवंत फोटोग्राफर. त्या काळी काचेवर ओला लेप चढवून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. भिंगावरचे झाकण हाताने काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि झाकण परत लावायचे. उजेडाचे माप म्हणजे अनुभव. ऋतू कोणता, वेळ कोणती, ढग किती, एवढ्यावरून कारागीर आकडा ठरवी.

या नजरेचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. वर्ध्याजवळच्या या खेड्याला १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनू गांधी आश्रमात राहत. त्यांना फोटो काढायची इच्छा झाली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: झगझगाटी दिवा वापरायचा नाही, 'असे बसा, इकडे बघा' असे सांगायचे नाही, आणि आश्रम त्यासाठी पैसा देणार नाही. आता बापूकुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी. मातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, बेताचा उजेड. बाहेर आपल्या वऱ्हाड-वर्ध्याकडचे ऊन आणि आत सावली. त्या काळच्या रोलायफ्लेक्समध्ये सेल नव्हता आणि उजेड मोजणारे मीटरही नव्हते. तरीही कनू गांधींनी घेतलेल्या फोटोंमधून आज जगाला गांधीजींचे रोजचे जीवन दिसते. उजेड जेवढा होता तेवढ्यातच भागवायचे होते, आणि तेवढ्यात भागले.

आपल्याकडच्या मध्यमवर्गी घरांत पुढे बडोद्यात बनणारा आगफा क्लिक थ्री हा कॅमेरा आला. पुष्कळांच्या घरचे जुने फोटो त्याच कॅमेऱ्याचे असतील. त्यातही सेल नव्हता. त्यावर उन्हाची आणि ढगाची खूण असे. ऊन असेल तर उन्हाच्या खुणेवर आणायचे, आभाळ असेल तर ढगाच्या. काम झाले.

आता मीटर कसे आले ते पाहू. सेलेनियम नावाचा एक पदार्थ आहे. त्यावर उजेड पडला की थोडी वीज तयार होते. या गुणाचा उपयोग करून १९३२ साली अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने उजेड मोजायचे हातातले मीटर बाजारात आणले. उजेड जास्त तर वीज जास्त, वीज जास्त तर काटा पुढे. वेगळा सेल लागत नाही. पण मंद उजेडात ही वीज इतकी थोडी असते की काटा जागचा हलत नाही. गाभाऱ्यात, माजघरात, संध्याकाळी ते मीटर मुके होते.

म्हणून १९६० च्या सुमारास कॅमेरा बनवणाऱ्यांनी दुसरा पदार्थ घेतला, कॅडमियम सल्फाइड. हा स्वतः वीज तयार करीत नाही. तो विजेच्या वाटेतला दरवाजा आहे. उजेड पडला की दरवाजा उघडतो आणि वीज जास्त वाहते. अंधार झाला की दरवाजा लोटला जातो. मंद उजेडातही हा दरवाजा किंचित किलकिला होतो, त्यामुळे काटा हलतो. मात्र वाहणारी वीज दुसरीकडून आणावी लागते. ती आणणारा तो सेल.

आणि इथेच खरी मेख आहे. किराणा दुकानातला तराजू आठवा. एका पारड्यात साखर, दुसऱ्यात किलोचे वजन. वजन खरे असेल तर साखर खरी. समजा ते वजनच रोज थोडे झिजू लागले तर? दांडी सरळच दिसेल, गिऱ्हाइकाला काहीच कळणार नाही, आणि माप मात्र रोज चुकेल. कॅमेऱ्यातला सेल हे असे वजन आहे. काटा किती हलला यावरून उजेड ठरतो, आणि काटा हलतो तो सेलाच्या जोरावर. सेलाचा जोर पहिल्या दिवशी एक आणि तीन महिन्यांनी दुसरा असेल, तर तोच उजेड काट्याला वेगळा दिसेल. म्हणून सेल असा हवा होता की ज्याचा जोर पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच राहील.

असा सेल तयार होता. जस्त आणि पाऱ्याचा ऑक्साइड यांपासून वीज मिळते हे १८८४ सालापासून माहीत होते, पण तो सेल व्यवहारात उतरला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य उष्ण आणि दमट मुलखात लढत होते. साधे कोरडे सेल त्या हवेत पेटीतल्या पेटीत निकामी होत. बिनतारी यंत्रे आणि सुरुंग शोधायची यंत्रे त्यामुळे अडत. तेव्हा सॅम्युएल रुबेन या संशोधकाने १९४२ च्या सुमारास पाऱ्याचा सेल वापरण्याजोगा केला आणि मॅलरी कंपनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवला. याच मॅलरी कंपनीतून पुढे ड्युरासेल हे नाव आले.

त्या सेलाची रचना अशी. एका बाजूला जस्ताची भुकटी, दुसऱ्या बाजूला पाऱ्याचा ऑक्साइड आणि त्यात थोडे ग्रॅफाइट, मध्ये पोटॅशचे तीव्र क्षार. वीज देता देता जस्ताचा ऑक्साइड होतो आणि पाऱ्याच्या ऑक्साइडचा शुद्ध पारा होतो. जोर १.३५ व्होल्ट, आणि तो संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच. पेटीत वर्षानुवर्षे ठेवला तरी फारसा उतरत नाही. लहान, भरवशाचा, आणि जोराला पक्का. ऐकू कमी येणाऱ्यांच्या कानातल्या यंत्रात तो गेला. १९६० साली माणसाच्या शरीरात बसवलेल्या हृदयाच्या पेसमेकरमध्येही असेच पाऱ्याचे सेल होते. माणसाच्या काळजाला जो सेल चालला तो कॅमेऱ्याला न चालेल तर नवल.

मग कॅमेरे आले. १९६६ साली मिनोल्टाचा एसआरटी १०१, त्याच साली रोलाय ३५ आणि यशिका इलेक्ट्रो ३५. १९७० च्या सुमारास ऑलिम्पस ३५ आरसी, १९७१ साली कॅननचा एफटीबी, १९७२ साली कॅनोनेट जी थ्री आणि ऑलिम्पसचा ओएम वन. आपल्याकडे यांतले पुष्कळ कॅमेरे परदेशी गेलेल्या नातलगांच्या बॅगांतून आले. यशिका तर लग्नाच्या फोटोग्राफरच्या गळ्यात दिसायचाच. बहुतेकांत ६२५ नंबरचा पाऱ्याचा सेल बसे.

मग असा गुणी सेल बंद का केला? तुम्ही म्हणाल, कंपन्यांचा नफ्याचा डाव असेल. तसे नाही. या सेलाची किंमत आपण दुकानात देत होतो ती अर्धीच होती. उरलेली अर्धी कोणीतरी दुसरा देत होता.

जपानमध्ये मिनामाटा नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या रसायनाच्या कारखान्याचे पाणी खाडीत जाई आणि त्यात पारा असे. त्याचा संबंध सेलांशी नव्हता, पण पारा काय करतो ते जगाला तिथे कळले. पाण्यातला पारा जिवाणूंच्या आणि रसायनांच्या क्रियेतून अधिक विषारी रूप घेतो, माशांत साठतो, मोठ्या माशांत अधिक साठतो, आणि मासे खाणाऱ्या माणसाच्या मेंदूवर जातो. आधी गावची मांजरे वेडीवाकडी धावू लागली. मग माणसांचे हात थरथरू लागले, बोलणे अडखळले, दृष्टी अरुंद झाली. आईला विशेष काही झालेले दिसत नसे आणि मूल मात्र पोटातूनच अपंग जन्माला येई. हा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याच्या पाण्यामुळे तो होतो हे सरकारने मान्य केले ते १९६८ साली. मधली बारा वर्षे पाणी वाहतच होते.

शेतकरी श्रोत्यांनी दुसरी गोष्ट ऐकावी. १९७१ साली इराकमध्ये पेरणीसाठी परदेशातून गहू आणि जव आले. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून पाऱ्याचे औषध चोळलेले होते. धान्य उशिरा पोहोचले, पेरणी होऊन गेली होती, आणि पोत्यांवरची सूचना परक्या भाषेत होती. भुकेल्या लोकांनी ते दळून भाकरी केल्या. सहा हजारांहून अधिक माणसे इस्पितळात गेली, त्यांतली चारशेहून अधिक दगावली. रंग लावलेले बियाणे घरात आणू नये, हे आपल्याकडे वडीलधारी माणसे बजावतात, ते उगीच नाही.

आणि आपल्या देशातही हे घडले. तमिळनाडूतल्या कोडाईकनाल इथे ताप मोजायच्या थर्मामीटरचा कारखाना होता. पारा लागलेल्या काचा गावच्या भंगारवाल्याकडे सापडल्या आणि २००१ साली तो कारखाना बंद झाला.

आता पाऱ्याच्या सेलाकडे परत येऊ. त्या एवढ्याशा गोल सेलाच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, निव्वळ पारा असे. सेल संपला म्हणजे पारा संपला असे होत नाही. उलट आतल्या ऑक्साइडचा पातळ पारा झालेला असतो. असा सेल उकिरड्यावर गेला, उकिरडा पेटवला की पाऱ्याची वाफ हवेत गेली, पावसाबरोबर तळ्यात उतरली. एक सेल म्हणजे काही नाही. पण जगात ते कोट्यवधी होते. केळझरची दंतकथा सांगते की बकासुराला रोज एका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस द्यायचा. ज्याची पाळी नाही तो स्वस्थ झोपायचा. पाऱ्याचेही असेच चालले होते. फोटो आपल्या घरी, आणि पाळी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाची.

म्हणून देशोदेशी कायदे झाले. अमेरिकेत १९९६ साली पाऱ्याच्या ऑक्साइडचे गोल सेल विकण्यावर बंदी आली. युरोपात असे सेल २००० सालापासून बाजारातून गेले. २०१३ साली जगातल्या राष्ट्रांनी पाऱ्याविषयी एक करार केला आणि त्याला मिनामाटाचेच नाव दिले. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. हा सेल गेला तो असा गेला, आणि गेला ते बरेच झाले.

पण श्रोतेहो, सेल वाईट होता म्हणून कॅमेरा वाईट ठरत नाही. भिंग तेच आहे, शटर तेच आहे. प्रश्न फक्त वजनाचा आहे, म्हणजे त्या १.३५ व्होल्टचा. त्यासाठी आज पाच वाटा आहेत. एकेक पाहू.

पहिली वाट, जी दुकानदाराने दाखवली ती. साधा अल्कलाइन सेल. तो नवा असताना १.५ व्होल्ट किंवा किंचित जास्त देतो आणि पुढे रोज उतरत जातो. नवा असताना जोर जास्त, म्हणून काटा जास्त पुढे जातो. आपल्याला वाटते उजेड भरपूर आहे, आपण छिद्र लहान करतो आणि फोटो काळा येतो. नातवाच्या रोलाचे हेच झाले. जुना होत गेला की उलट चूक. हे झिजणारे वजन आहे. कॅमेरा चालतो की नाही एवढे पाहण्यापुरता हा सेल ठीक.

दुसरी वाट चांदीच्या सेलाची, म्हणजे घड्याळात घालतात त्या सिल्व्हर ऑक्साइडच्या सेलाची. याचा गुण पाऱ्याच्या सेलासारखाच आहे, जोर शेवटपर्यंत एकसारखा. फक्त तो १.५५ व्होल्ट आहे. म्हणजे वजन झिजत नाही, पण थोडे जड आहे. यासाठी ६२५ च्या मापाची एक धातूची वाटी मिळते. तिच्यात चांदीचा लहान सेल बसतो आणि वाटीतला डायोड वरचे सुमारे दोन दशांश व्होल्ट खाऊन टाकतो. वाटी एकदाच घ्यायची, सेल बदलत राहायचे. नुसते कडे मात्र घेऊ नका. ते सेलाला जागेवर बसवते, जोर कमी करीत नाही.

तिसरी वाट हवेच्या सेलाची. कानाच्या यंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा सेल मिळतो, त्यावर निळी चिकटपट्टी असते. पट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. याचा जोर १.४ व्होल्टच्या आसपास आणि बराच एकसारखा, म्हणजे पाऱ्याच्या अगदी शेजारचा. तो अंगाने लहान असतो, म्हणून भोवती कडे घालावे लागते आणि हवेची छिद्रे मोकळी ठेवावी लागतात. दोष एवढाच की एकदा पट्टी काढली की वापरा किंवा नका वापरू, काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत तो संपतो. घरच्या कार्याआधी नवा घालावा हे उत्तम.

चौथी वाट कारागिराची. जाणकार माणूस मीटरच नव्या सेलाच्या जोराप्रमाणे जुळवून देतो. खर्च एकदाच, पण काम जाणत्याकडेच द्यावे.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळ्या कॅमेऱ्यांना ही पथ्ये लागत नाहीत. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरची जोडणी अशी आहे की दोन्ही पारड्यांत एकाच सेलाचा जोर पडतो, त्यामुळे सेल थोडा जड झाला तरी दांडी ढळत नाही. यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल होता. त्यात मधली जागा भरून ६ व्होल्टचा अल्कलाइन घातला तरी फोटो चांगले येतात असा वापरणाऱ्यांचा अनुभव आहे. मात्र त्याचे शटर विजेवर चालते. सेल नसेल तर ते एकाच वेगाने, १/५०० सेकंदाने, उघडते. मिनोल्टा एसआरटी, कॅनन एफटीबी, ओएम वन यांचे शटर मात्र स्प्रिंगवर चालते. सेल अजिबात नसला तरी ते कॅमेरे अडत नाहीत; फक्त मीटर झोपते.

आणि म्हणून पाचवी वाट. ती फुकट आहे आणि शिक्षक बंधुभगिनींनी ती वर्गात जरूर शिकवावी. तिला सोळाचा नियम म्हणतात. भिंगाच्या छिद्राला आकडे असतात: ४, ५.६, ८, ११, १६. आकडा मोठा तेवढे छिद्र लहान. स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवायचे आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याजवळ आणायचा. १०० ची फिल्म असेल तर १/१२५ सेकंद. बाकी सगळे जमिनीवरची सावली सांगते. सावलीची कड रेखीव आहे, १६. कड मऊ झाली, ११. सावली जेमतेम दिसते, ८. ढगांमुळे सावलीच नाही, ५.६. आपण स्वतः झाडाच्या किंवा घराच्या सावलीत आहोत आणि वर आभाळ मोकळे आहे, ४. शाळेच्या मैदानावर मुलांना एक काठी रोवू द्या, दिवसातून चार वेळा सावलीची कड पाहून आकडा लिहू द्या. मीटर असलेला कॅमेरा असेल तर त्याचा आकडा शेजारी मांडा. स्वच्छ उन्हात दोन्ही आकडे जुळले तर सेल खरे बोलतो आहे. नाही जुळले तर किती चुकतो तेही कळले, आणि तेवढा फरक आपण हाताने करू शकतो.

काळ्या-पांढऱ्या आणि रंगीत निगेटिव्ह फिल्मला थोडी चूक पचते, विशेषतः उजेड जास्त झाला तर. स्लाइडच्या फिल्मला ती पचत नाही. म्हणून शिकणाऱ्याने निगेटिव्ह फिल्मवरच हात बसवावा.

आता शेवटची आणि सर्वांत निकडीची गोष्ट. ट्रंकेतल्या कॅमेऱ्यात जुना सेल असेल तर तो मुलांना काढू देऊ नका. हातात रबरी मोजे घाला, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी. सेल फोडू नका, चुलीत टाकू नका, उकिरड्यावर किंवा विहिरीकडे फेकू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून वर 'पारा' असे लिहा आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा. शहरात जाल तेव्हा ई-कचरा किंवा सेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत घेऊन त्यांची वाट लावण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यांवर आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तरी हीच काळजी. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, केरसुणी मारू नका. थेंब जाड कागदाने गोळा करून बाटलीत झाकून ठेवा. पाऱ्याचे थेंब तळहातावर खेळवणे हा आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणचा खेळ होता. तो आता कोणी खेळू नये.

श्रोतेहो, एका सेलाने वीस-तीस वर्षे आपल्यासाठी उजेड मोजला आणि आपण सावलीकडे बघायचे विसरलो. तो सेल गेल्यावर पुष्कळांनी कॅमेरेच टाकून दिले. ज्या कॅमेऱ्याने आजोबांचे लग्न, आईचे बारसे, शाळेचा पहिला गट-फोटो टिपला, त्याला दोन दशांश व्होल्टसाठी भंगारात घालणे बरे नव्हे. आधी तळाचे झाकण उघडा, जुना सेल जपून बाजूला काढा. मग नवा सेल घाला किंवा घालू नका, पण टेकडीवर जा आणि आपल्या सावलीची कड बघा. सेवाग्रामच्या मातीच्या भिंतींआड फोटो काढणाऱ्याजवळ याहून जास्त काही नव्हते.